चिमट्याची निवड

आमच्या तरुणपणी बेळगावातील सायकलच्या दुकानांत, पुढचे चाक दोन पायांत धरून ठेवणाऱ्या भागाला चिमटा म्हणत. 'चिमटा वाकलाय' असे मिस्त्रीने सांगितले, की घरी बोलणी खावी लागणार हे ठरलेले असे. वाकलेला चिमटा तो पायांत धरी, त्यात लोखंडी पाइप घालून सरळ करी, आणि त्याबद्दल इतके थोडे पैसे घेई की चिमटा ही निवडून घेण्याची वस्तू आहे, असे आमच्या कधी मनातही आले नाही. सायकलीबरोबर तो येई आणि सायकलीबरोबरच भंगारात जाई. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी एका चिमट्यासाठी आपण तीन महिने घालवू, त्याच्यापायी चोर्ला घाट उतरून गोव्याला जाऊन येऊ, आणि घरातल्या एका माणसाचा आपल्यावरचा विश्वास त्या निवडीवर टांगलेला असेल, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसून सोडून दिले असते.

आमची सारी नोकरी उद्यमबागेतील एका कारखान्यात झाली. इंदूर-बडोद्याच्या वाचकांना बेळगाव म्हटले की कुंदा आठवतो आणि त्यापाठोपाठ सीमाप्रश्न. पण या गावाची आणखी एक ओळख आहे, ती येथील फौंड्र्यांची आणि यंत्रशाळांची. आमच्याकडे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह व सिलिंडर तयार होत. दट्ट्या, तेल, सील आणि स्प्रिंग या चार गोष्टींच्या संगतीत आमची चौतीस वर्षे गेली. व्हर्निअर हातात घेतल्याशिवाय कोणत्याही नळीविषयी मत देऊ नये, ही सवय त्या चौतीस वर्षांची. ती सवय नेमकी ज्या दिवशी मोडली, त्या दिवसापासून ही हकीकत सुरू होते.

२०२१ साली नात पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला होती. तिला डोंगरात चालवायची सायकल हवी होती. दुकानात दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीचा चिमटा साधा, दुसरीला पुढे शॉकअप. दोहोंच्या किमतीत जेमतेम दीड हजाराचे अंतर होते. दुकानदाराने आम्हाला आग्रहाने पुढे बोलावले, कारण आम्ही हायड्रॉलिकवाले हे त्याला ठाऊक होते. आम्ही दोन्ही हातांनी हँडल दाबले. ते सहज खाली गेले आणि टुणकन वर आले. पुन्हा दाबले, पुन्हा वर आले. नळ्यांवर क्रोमची चकाकी होती. वर एक निळे बटण होते आणि ते फिरवले की चिमटा घट्ट होई. आम्ही मागे वळून सूनबाईला म्हणालो, 'घेऊन टाकू. चांगला आहे.' तिने काही न विचारता पैसे मोजले. आमच्या शब्दावर मोजले.

बेळगावच्या पश्चिमेला देवरवाडीचा वैजनाथ आहे. डोंगर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात, आम्ही कर्नाटकात, पण सकाळी सायकलीने निघालेले मूल ही सीमा ओलांडून नाश्त्याच्या वेळेला घरी परत येते. ऑगस्ट २०२२ मधल्या एका रविवारी नात मैत्रिणींबरोबर तिकडे गेली. उतरताना पक्का रस्ता सोडून त्यांनी पायवाट धरली. पावसाने त्या वाटेवर एकामागून एक तीन चर पडले होते. पहिल्या चरात चिमटा पुरता दबला. दुसऱ्याशी पोहोचेपर्यंत तो पूर्ण वेगाने वर आला होता, आणि त्या उसळीवर दुसऱ्या चराचा दणका बसला. तिसरा चर तिला आठवतच नाही. गळपट्टीचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात होता. रुग्णालयात सूनबाई आम्हाला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

पोरगी घरी आल्यावर, दुपारी सगळे झोपले असताना, आम्ही मागच्या अंगणात पाट मांडून तो चिमटा खोलला. डाव्या पायात एक लांब स्प्रिंग निघाली, तिच्या टोकाला रबराचा तुकडा, आणि चमचाभर तांबडे पाणी. वरचे निळे बटण एका प्लॅस्टिकच्या दांडीला जोडलेले होते. ती दांडी स्प्रिंगला नुसती वरून दाबून धरी. मग उजवा पाय उघडला. उजव्या पायात काहीच नव्हते. नळीत नळी सरकावी एवढीच व्यवस्था, बाकी पोकळी. आम्ही टॉर्च घेऊन आत पाहिले, पाय उलटा करून आपटला, काडी घालून चाचपले. रिकामा तो रिकामाच.

हे समजायला कारखान्यात चौतीस वर्षे काढण्याची गरज नाही. स्प्रिंग घेतलेले सगळे परत करते. थोडीशी शक्ती घर्षणात जाते तेवढीच. म्हणूनच तिच्या जोडीला असे काहीतरी लागते की जे त्या परतीला आवर घालील. कार्यालयांच्या दारांना वर जो क्लोजर असतो, त्यात स्प्रिंगही असते आणि तेलही असते. तेल आटलेला क्लोजर दार कसे आपटतो, हे प्रत्येकाने ऐकले आहे. सायकलच्या चिमट्याचा दुसरा पाय हा त्या तेलासाठी असतो. तेलात एक दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. तेल त्या छिद्रांतून रेटले जाताना दणक्यातील शक्ती उष्णतेत जाते आणि चिमटा हळू वर येतो. याला डॅम्पर म्हणतात. हे आम्ही कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत असू. आणि दुकानात मात्र टुणकन उसळी आली, याचेच आम्हाला कौतुक वाटले होते.

सायकल वर्षभर जिन्याखाली उभी राहिली. विषय संपला असे आम्हाला वाटले होते. पण २०२३ च्या दिवाळीत नातीचा आतेभाऊ पुण्याहून जर्मनीला जायला निघाला आणि जाताना आपली अॅल्युमिनियमची रिकामी फ्रेम व दोन चाके तिला देऊन गेला. ती तेव्हा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होती. फ्रेम आली म्हणजे सायकल बांधणे आलेच. तिने वहीत हिशेब मांडला: फोर्क, ब्रेक, गिअर, हँडल, सीट मिळून पंचेचाळीस हजार. त्यातला मोठा वाटा तिच्या शिष्यवृत्तीचा, उरलेला आमच्या पेन्शनचा. जेवणे झाल्यावर ती वही सर्वांसमोर ठेवली गेली. सूनबाईने ती शांतपणे वाचली आणि म्हणाली, 'सायकल करायची तर करा. फक्त मामा, या खेपेला चिमटा तुम्ही निवडू नका.'

आवाजात राग नव्हता. म्हणूनच त्यावर काही बोलता आले नाही. नात मान खाली घालून ताटातले शीत वेचत राहिली.

मग ठरले ते असे: निवड नात करील, आम्ही फक्त तिच्या प्रश्नांची उत्तरे देऊ. अर्थात, आम्हाला ठाऊक नसलेली उत्तरे शोधणे भाग होते. कारखान्यातील सिलिंडर आम्हाला माहीत होते, सायकलचे नव्हते. त्या थंडीत आम्ही बरेच वाचले, आणि वाचता वाचता एका गोष्टीने आमचा जीव खरोखरच रमला. डोंगरात सायकल घालण्याचा हा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माउंट टॅमलपायस नावाच्या डोंगराच्या उतारांवर वाढला. तेथील मुले जुन्या, जाडजूड सायकली घेऊन एका कच्च्या वाटेने खाली येत. १९७६ पासून तेथे शर्यतीही होऊ लागल्या. त्या वाटेला त्यांनी 'रीपॅक' हे नाव दिले. कारण एकदा खाली उतरले, की मागच्या चाकाच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. वाटेला ग्रीस भरण्यावरून नाव देणारी माणसे आमच्याच बिरादरीची, असे वाटून आम्ही ते पान नातीला दोनदा वाचून दाखवले.

त्या मुलांच्या सायकलींना साधेच चिमटे होते. शॉकअपचा चिमटा बाजारात खऱ्या अर्थाने आला तो १९८९ मध्ये. मोटरसायकलींच्या शर्यतींच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरने 'रॉकशॉक्स' या नावाने तो काढला. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने उताराची शर्यत तसल्याच चिमट्यावर जिंकली आणि लोकांची थट्टा थांबली. त्या पहिल्या चिमट्याची हालचाल दोन इंचांहून किंचित कमीच होती. पण त्यात हवेची स्प्रिंग होती, आणि तेल होते. १९८९ सालीही तेल होते! हे वाचून आम्ही चष्मा काढून ठेवला. पस्तीस वर्षांपूर्वी पहिल्याच प्रयत्नात ज्याला सुचले की नुसती उसळी उपयोगाची नाही, त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी आम्ही दुकानात उभे राहून पोकळ पाय पसंत केला होता.

नातीने प्रश्न विचारले तेही क्रमाने नव्हे. तिचा पहिला प्रश्न असा, 'आज्जा, माझं वजन एक्कावन्न किलो. स्प्रिंग कुणाच्या वजनाची असते?' आम्ही गप्प झालो. ज्याचा विचार आम्ही सर्वांत आधी करायला हवा होता तो हाच. लोखंडी स्प्रिंगचा ताठरपणा कारखान्यातच ठरतो, आणि स्वस्त चिमट्यात ती मध्यम बांध्याचा पुरुष डोळ्यांसमोर ठेवून बसवलेली असते. एक्कावन्न किलोच्या मुलीखाली ती लहान खड्ड्यांवर हलतच नाही, आणि मोठा दणका बसला म्हणजे पुरती दबून सगळे परत फेकते. वरचे प्रीलोडचे बटण फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही. फक्त आधीच किती दाबून ठेवायची तेवढे बदलते. दुकानांत या बटणाला लोक 'कडक-नरम' म्हणतात, ते चुकीचे आहे. हवेच्या स्प्रिंगमध्ये मात्र पंपाने दाब कमी-जास्त करून ती ज्याच्या त्याच्या वजनाला बेतून घेता येते. नातीच्या वजनाच्या माणसासाठी हवेचा चिमटा हा शौक नाही, गरज आहे, इथपर्यंत आम्ही दोघे पहिल्याच आठवड्यात आलो.

पण किंमत आडवी आली. त्या सुमारास आम्हाला जे भाव सांगितले गेले, त्यांत स्प्रिंगचे बरे चिमटे पाच-सहा हजारांत मिळत. हवेचे त्याच्या तिप्पट-चौपट. सनटूरचा एक्ससीएम हा स्प्रिंगचा चिमटा जगभर कितीतरी सायकलींवर बसवून येतो. सपाट रस्त्यावर आणि बऱ्या कच्च्या वाटेवर तो आपले काम इमानाने करतो. पण परतीचा वेग फिरवून ठरवण्याची सोय त्यात नाही. त्याच घरचा रेडॉन हवेचा, परतीच्या वेगाचे बटण असलेला, नळ्या बत्तीस मिलिमीटरच्या. तो आम्हाला मनापासून आवडला. मात्र आम्हाला मिळत होता तो पंधरा मिलिमीटरच्या आरपार दांड्याचा, आणि आतेभावाने दिलेल्या चाकाचा हब जुन्या पद्धतीचा, नऊ मिलिमीटरच्या क्विक रिलीजचा. म्हणजे नवा हब, नवे स्पोक, चाक पुन्हा विणणे. चिमटा एक घ्यायचा आणि त्याच्यामागून चाक घ्यायचे, असा तो व्यवहार होता.

येथे आमचा दुसरा गुन्हा घडला. तोही सांगून टाकतो.

जानेवारीत आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोंड्याहून निरोप आला, की तिथल्या एका तरुणाला आपला चिमटा विकायचा आहे: उत्तम प्रतीचा, हवेचा, एकशे चाळीस मिलिमीटर हालचालीचा, आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. नातीला सांगावे की नाही, असे दोन दिवस मनात घोळत राहिले. शेवटी तिच्या परीक्षेचे निमित्त करून आम्ही न सांगताच निघालो. खरे कारण वेगळे होते. या वेळी असा चिमटा घरी न्यावा, की सूनबाईला आपले शब्द मागे घ्यावे लागतील, अशी आमच्या मनात इच्छा होती. एकाहत्तराव्या वर्षीही माणूस असा असतो.

फोंड्यात तो चिमटा हातात घेतला आणि आमची बोटे आपोआप कामाला लागली. नळ्यांवरून नख फिरवले. कोठे ओरखडा नाही, लेप झिजलेला नाही. सील सुके. खालचे पाय पुढे-मागे हलवून पाहिले. बुशात खेळ नाही. दाबला, तो गोडीने खाली गेला आणि शहाण्यासारखा हळू वर आला. असा माल आमच्या तपासणी टेबलावर आला असता तर आम्ही डोळे मिटून शिक्का मारला असता. पाकीट बाहेर काढले, आणि कोण जाणे कसे, त्याआधी नातीला फोन लावला.

ती रागावली नाही. म्हणाली, 'आज्जा, तीन मापं सांगा.' पहिले माप वरच्या नळीचे, जी फ्रेमच्या मानेतून वर जाते आणि जिला हँडल धरले जाते. ती नळी प्रत्येकजण आपल्या फ्रेमच्या उंचीला कापून घेतो. आमच्या फ्रेमची मान एकशे पंचवीस मिलिमीटर, बेअरिंगच्या वाट्यांची उंची वीस, हँडलची पकड चाळीस. म्हणजे किमान एकशे पंच्याऐंशी हवेत. आम्ही व्हर्निअर मोठी नव्हती म्हणून पट्टीने मोजले. एकशे अडुसष्ट. कापलेली नळी कोणी वाढवून देत नाही. दुसरे माप दोन पायांमधील अंतराचे: आमच्या हबला शंभर हवे, येथे एकशे दहा. तिसरे माप ती न मोजताच म्हणाली. तिची फ्रेम शंभर मिलिमीटर हालचालीच्या चिमट्यासाठी आखलेली. त्यावर एकशे चाळीसचा लावला तर सायकलचे पुढचे तोंड वर उचलले जाते. साधारण वीस मिलिमीटरला मानेचा कोन एक अंश कलतो, म्हणजे दोन अंश. चढावर पुढचे चाक भरकटू लागते, आणि मानेच्या सांध्यावर कारखान्याने न धरलेला ताण येतो. तीन मापे, तिन्ही चुकीची. चिमट्यात दोष शोधायला आम्ही घाट उतरून आलो होतो. दोष चिमट्यात नव्हताच, तो चिमटा आमचा नव्हता.

त्या तरुणाला चहा पाजून आम्ही परत निघालो. कणकुंबीला गाडी थांबली तेव्हा अंधार पडला होता. घरी कोणी काही विचारले नाही, आणि नातीनेही ती गोष्ट आईला सांगितली नाही. आजतागायत सांगितलेली नाही. या पत्रिकेतूनच ती आता सूनबाईला कळेल.

फेब्रुवारीत निवड दोहोंवर आली. दोन्ही रॉकशॉक्सच्या आणि दोन्ही हवेच्या: रेकॉन सिल्व्हर आणि जूडी सिल्व्हर. सौभाग्यवतीने 'ही जूडी कोण?' असे दोनदा विचारले आणि उत्तर ऐकूनही तिचे समाधान झालेले दिसले नाही. हे नाव त्या कंपनीने १९९० च्या दशकातही एका चिमट्याला दिले होते. त्यानंतर ते नव्या मालाला पुन्हा लावले. रेकॉनच्या नळ्या बत्तीस मिलिमीटरच्या, जूडीच्या तीस. रेकॉनचा डॅम्पर अधिक चांगला. आमचा कल साहजिकच रेकॉनकडे. नळी दोन मिलिमीटरने जाड झाली की तिचा ताठपणा त्या प्रमाणाहून कितीतरी अधिक वाढतो, हे आम्हाला तोंडपाठ होते, आणि आम्ही ते नातीला ऐकवलेही.

ती म्हणाली, 'पण आज्जा, वाकवणार कोण? मी एक्कावन्न किलो.'

हा मुद्दा बिनतोड होता. जाड नळीचे पैसे ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाने द्यावेत. आम्हाला ज्यावर अडून बसायचे होते त्या गोष्टी जूडीतही होत्या: हवेची स्प्रिंग, तेलाचा डॅम्पर, आणि उजव्या पायाच्या तळाशी परतीचा वेग ठरवणारे बटण. शिवाय तो नऊ मिलिमीटरच्या हबाचा मिळत होता, म्हणजे आतेभावाचे चाक तसेच चालणार. नळ्या पोलादी आहेत, त्यामुळे वजन दोन किलोंच्या वर जाते. शर्यतीतल्या माणसाला हे खटकेल, वैजनाथला जाणाऱ्याला खटकू नये. उरलेल्या पैशांत बऱ्यापैकी हायड्रॉलिक ब्रेक बसत होते, आणि चिमट्याचा बारीक, जास्त दाबाचा पंपही. हा पंप लोक हिशेबात धरत नाहीत, आणि मग नवा चिमटा दुकानदाराने भरून दिलेल्या हवेवरच जन्मभर चालवतात.

आमच्या बाजूने आम्ही एकच अट घातली, ती म्हणजे चिमटा उघडता आला पाहिजे. बेळगावचा पाऊस आणि तांबडी माती यांच्यापुढे कोणतेही सील कायमचे टिकत नाही. रॉकशॉक्सच्या सांगण्यानुसार दर पन्नास तास चालल्यावर खालचे पाय काढून पुसावेत, थोडे नवे तेल घालावे. दोनशे तासांनी डॅम्पर उघडावा. सील, ओरिंग, फोमच्या कड्या यांचा संच सुटा मिळतो. पोकळ पायाचा चिमटा दीड हजारात आला होता, पण त्यात बदलण्यासारखे काही नव्हतेच. बिघडला की टाकायचा. आमच्या कारखान्यात ज्या सिलिंडरला सुटे भाग मिळत नसत, त्याला आम्ही महाग म्हणत असू, मग त्याची किंमत काही असो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बंगळूरहून खोके आले. वरची नळी कापायची होती. नातीने तीनदा मोजले, आमच्याकडून एकदा मोजून घेतले, आणि करवतही तिनेच चालवली. आम्ही फक्त व्हाइस घट्ट धरून ठेवली. फोंड्याची आठवण दोघांनाही झाली असावी, कारण तिने खूण केली ती दहा मिलिमीटर वर. जास्तीच्या जागेत कड्या घालता येतात. नंतर हवा. एका नळीभोवती वायरिंगची प्लॅस्टिक पट्टी आवळली, ती सायकलवर नेहमीच्या पोशाखात, हेल्मेट आणि पाण्याच्या बाटलीसकट बसली, आणि भिंतीला धरून अलगद उतरली. पट्टी जेवढी सरकली तेवढी तिच्या नुसत्या वजनाने झालेली बैठक. शंभरात वीसच्या आसपास हवी होती. पहिल्यांदा अकरा आली. हवा सोडली, पंधरा. आणखी सोडली, एकोणीस. मग परतीचे बटण: एक एक टिचकी फिरवायची, पायरीवरून उतरायचे, पुन्हा फिरवायचे. फार मोकळे ठेवले तर जुन्या चिमट्यासारखी उसळी. फार आवळले तर एका खड्ड्यातून वर येण्याआधीच पुढचा खड्डा येतो आणि चिमटा पायरी पायरीने खाली बसत जातो. या कामात अख्खी दुपार गेली. आयुष्यातील चांगल्या दुपारींमध्ये आम्ही ती धरतो.

चार वाजता सूनबाई चहा घेऊन अंगणात आली. ट्रे ओट्यावर ठेवून ती सायकलजवळ गेली, आणि आम्ही २०२१ साली दुकानात केले होते तेच तिने केले: दोन्ही हातांनी हँडल दाबले. चिमटा खाली गेला. तिने हात सैल सोडले. तो वर आला, पण टुणकन आला नाही.

'मामा, हा लगेच का येत नाही वर?'

'उजव्या पायात तेल आहे,' आम्ही म्हणालो.

तिने आणखी एकदा दाबले आणि डोळे बारीक करून त्याचे वर येणे शेवटपर्यंत पाहिले. मग 'चहा निवतोय' म्हणून आत गेली.

पुढच्या रविवारी सहा वाजता नात निघाली. 'आज्जा, मी जातो,' म्हणाली. आमच्याकडे मुलीही 'जातो'च म्हणतात, हे पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना चमत्कारिक वाटते. सूनबाई फाटकाशी उभी होती. कोठे जाणार, हे तिने विचारले नाही आणि आम्हीही वैजनाथचे नाव काढले नाही. साडेनऊपर्यंत येते म्हणालेली पोर दहाला दहा मिनिटे कमी असताना आली. तेवढ्या वीस मिनिटांत सूनबाईने अंगण दोनदा झाडले. सायकल धुतल्यावर पाहिले तर प्लॅस्टिकची पट्टी ब्याऐंशीवर होती. म्हणजे शंभरातली ब्याऐंशी हालचाल त्या उतरणीवर वापरली गेली. नात म्हणाली, तिन्ही चर अजून तसेच आहेत.

चालवलेल्या तासांचा हिशेब आम्ही पहिले दोन आठवडे आमच्या डायरीत ठेवला. नंतर तो स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर गेला. तारखेच्या चौकोनात दुधाचा आकडा असतो, त्याच्याखाली पेन्सिलीने तासांचा. अक्षर सूनबाईचे. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एके सकाळी ती आमच्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, 'मामा, एक्केचाळीस झाले. सील मागवून ठेवा.'